वैशाखातील रस्त्याची बाजू

उन्हाळ्याच्या सुटीत कुटुंबाने एका नातलगाच्या गावाहून दुसऱ्याच्या गावाला जावे आणि वाटेत किंवा थोड्या आडवाटेला निसर्गाचे जे नवल असेल ते पाहून पुढे निघावे, ही रीत पूर्वी एसटीने आणि नंतर स्वतःच्या गाडीने पाळली गेली. ती आता कालबाह्य झाली आहे, हे मत शहरी मध्यमवर्गात इतके रुजले आहे की त्यासाठी पुरावा द्यावा असेही कोणाला वाटत नाही. मे महिन्यात महाराष्ट्राचा निसर्ग करपलेला असतो, सह्याद्री पाहावा तर पावसाळ्यात, म्हणून सुटी हिमाचलात, काश्मिरात किंवा परदेशात घालवावी, असे हे मत सांगते. नातलगांच्या भेटी हे कर्तव्य आहे. त्या लग्नकार्याच्या निमित्ताने उरकाव्यात आणि सहलीत मिसळू नयेत, कारण अशा मिश्रणात ना धड भेट होते, ना धड पर्यटन, अशी पुस्तीही त्याला जोडली जाते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. दख्खनच्या भूमीची जी वैशिष्ट्ये जगभरच्या भूशास्त्रज्ञांना येथे खेचून आणतात, त्यांतील बरीचशी वैशाखातच उघडी पडतात, आणि ती पाहण्यासाठी लागणारी माहिती, सवड आणि आसरा यांचा सर्वांत भरवशाचा ठिकाणा नातलगाचे घर हाच असतो.

निसर्ग करपल्याची तक्रार हिरवाई म्हणजेच निसर्ग या गृहीतकावर उभी आहे, आणि महाराष्ट्राइतके हे गृहीतक क्वचितच दुसऱ्या प्रदेशाला गैरलागू असेल. राज्याचा बहुतेक भाग बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाने व्यापलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून उसळलेला लाव्हा थरावर थर पसरत आणि थिजत गेला, त्यातून हा खडक बनला. झीज होऊनही आज त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि पश्चिम घाटाच्या बाजूला त्याची जाडी काही ठिकाणी २ किलोमीटरच्या घरात जाते. पावसाळ्यात माळशेज, वरंधा किंवा कुंभार्ली घाट चढणाऱ्याला धबधबे दिसतात, धुके दिसते, शेवाळ दिसते. मात्र ज्या खडकामुळे हे कडे उभे आहेत तो त्याला दिसत नाही. वैशाखात त्याच घाटात, रस्त्यासाठी कापलेल्या कड्यांवर, लाव्हाचे आडवे थर पायऱ्यांसारखे मोजता येतात आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा पातळ पट्टा आढळतो. एक उद्रेक थांबल्यावर दुसरा होईपर्यंतच्या शांत काळात जुन्या लाव्हाचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजला, त्याची माती झाली, आणि वरून आलेल्या नव्या लाव्हाखाली ती गाडली गेली, अशी त्या पट्ट्याची सर्वसाधारण उपपत्ती आहे. म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातील एक प्रदीर्घ विराम तेथे हाताने शिवता येतो. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिताना बारा महिन्यांतील प्रत्येकाला स्वतंत्र लेख दिला आणि उन्हाळ्याच्या महिन्यांना त्यातून वगळले नाही. पर्यटनाच्या जाहिरातींनी मात्र महाराष्ट्राच्या निसर्गाचे वर्ष चार महिन्यांवर आणून ठेवले आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे हे याचे सर्वांत बोलके उदाहरण ठरावे. पुराच्या पाण्याबरोबर आलेले दगडगोटे खडकातील एखाद्या भेगेत किंवा खोलगट जागी अडकतात, भोवऱ्यात सापडून गरगर फिरतात आणि जात्याप्रमाणे खडक आतून खोदत नेतात; असे हजारो पावसाळे गेले की रांजणाच्या आकाराचे खोल खड्डे तयार होतात, शेजारच्या दोन खड्ड्यांमधली भिंत झिजून ते एकमेकांत मिसळतात, आणि सरतेशेवटी नदीचे सारे पात्रच कोरून काढल्यासारखे दिसू लागते. हे कोरीव काम पावसाळ्यात चालू असते, पण पावसाळ्यात ते पाण्याखाली असते. ते पाहायचे तर पाणी ओसरल्यावरच जावे लागते, आणि तळ उघडा पडला की काही खळग्यांत ते गोटेही पडलेले दिसतात, म्हणजे कारागीर निघून गेल्यावर त्याची हत्यारे हाती लागावीत तसा हा प्रकार असतो. याच काठावर मळगंगा देवीचे देऊळ आहे आणि चैत्रातल्या यात्रेला पंचक्रोशीतील लेकीसुना, पाहुणे, मुंबई-पुण्याकडे गेलेली माणसे येथे परततात. देवीची यात्रा, नात्यांचा मेळा आणि नदीचे उघडे पात्र यांचा काळ मागेपुढे एकच आहे. येथे एक व्यावहारिक गोष्टही ध्यानात घ्यावी लागते. कुकडीवरील आणि तिच्या उपनद्यांवरील धरणांतून पात्रात पाणी सोडलेले असेल, तर ऐन उन्हाळ्यातही खळगे बुडालेले असू शकतात, आणि आवर्तन, म्हणजे सिंचनासाठी ठरावीक पाळीने सोडले जाणारे पाणी, कधी सुरू झाले व कधी संपणार हे कोणत्याही प्रवास-मार्गदर्शिकेत छापलेले नसते. ते ज्याच्या शेतावर ते पाणी येते त्याला ठाऊक असते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारबद्दलही असेच म्हणता येते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अतिवेगवान अशनी आदळून बेसाल्टमध्ये तयार झाले आणि बेसाल्टमधील इतके सुस्थितीतले आघातविवर पृथ्वीवर दुर्मीळ असल्याने चंद्रावरच्या व मंगळावरच्या विवरांच्या अभ्यासासाठी त्याचा आधार घेतला जातो. त्याचे वय पूर्वी सुमारे ५२ हजार वर्षे मानले जाई. नंतरच्या आर्गॉन-कालमापनाने ते ५ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास नेले. विवराच्या काठावरून सरोवराचे छायाचित्र काढून परतणारा प्रवासी मुख्य गोष्टीला मुकतो, कारण आघाताने उसळून बाहेर फेकलेल्या दगडमातीचे आच्छादन काठाबाहेर सुमारे दीड किलोमीटरपर्यंत पसरलेले आहे, आणि ते पिके निघून गेल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांत, बांधांवर आणि विहिरींच्या कडांत पाहावे लागते. सरोवराचे पाणी मुळात खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने ते घटते आणि त्यातील क्षारांचे प्रमाण वाढते. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यात शोधले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. ज्या घटनेने लोणार जगाच्या वर्तमानपत्रांत गेले, ती उन्हाळ्याच्या शेवटी घडली होती, हे ऋतूचा आक्षेप घेणाऱ्यांनी विचारात घ्यावे.

विदर्भातला वैशाख जीवघेणा असतो, हे मात्र नाकारून चालणार नाही. तेथील शाळाही उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, आणि भर दुपारी लहान मुलांना किंवा वृद्धांना लोणारच्या उतारावर नेणे हा अविचारच होय. पण या वस्तुस्थितीतून निघणारा निष्कर्ष आक्षेपकांना नकोसा वाटेल. उन्हाळ्यात पाहायचे ते पहाटेपासून फार तर नऊपर्यंत आणि मग उन्हे कलल्यावर. मधले सात-आठ तास कोठे तरी सावलीत, पाण्याच्या जवळ, पाय पसरून काढावे लागतात. दिवसाला चार ठिकाणे दाखवण्याचे वचन देणारी सहल हे तास देऊ शकत नाही, कारण थांबणे तिला परवडत नाही. जवळच्या गावातील काकांच्या माजघरात मात्र ते तास आपोआप मिळतात, आणि त्याच वेळेत भेट होते, विचारपूस होते, वडीलधाऱ्यांकडून परिसराची माहिती मिळते. भेटीमुळे पर्यटनाचा वेळ जातो, हे गणित थंड प्रदेशातल्या प्रवासाचे आहे. दख्खनच्या उन्हात दुपार भेटीची आणि सकाळ-संध्याकाळ पाहण्याची, अशी दिवसाची वाटणी हवामानानेच करून दिलेली आहे.

नातलगांकडील मुक्कामाला केवळ कर्तव्य मानणारे आणखी एक गोष्ट विसरतात. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या विभागात ठेवले. येथील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह मान्य असल्याने त्याच घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या मुली दिल्या-घेतल्या गेल्या. याचा भौगोलिक अर्थ असा की, एका कुटुंबाचे नातलग काही ठरावीक टापूंत वारंवार आढळतात आणि त्या टापूंमधला रस्ता आजोबा, वडील आणि नातू अशा तिघांच्या पायाखालचा असतो. ‘मामाचे गाव’ हे नुसत्या आठवणींचे भांडवल नाही, ती या नातेव्यवस्थेने आखून दिलेली वाट आहे, आणि त्या वाटेवरचे झरे, खिंडी, देवराया व उतार यांचे ज्ञान तिच्याबरोबरच पुढच्या पिढीकडे जात आले आहे. देवराया, म्हणजे देवाच्या नावाने राखलेली आणि कुऱ्हाड न लावलेली राने, यांची १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी शास्त्रीय दखल घेतली; पण कोणत्या देवाच्या रानातली वाळकी फांदीसुद्धा उचलायची नाही, हा नियम त्या त्या गावच्या माणसांना कोणत्याही शोधनिबंधाआधी माहीत होता, आणि नियमामुळेच अभ्यासण्याजोगे रान शिल्लक राहिले.

कोकणातील कातळशिल्पांची हकिकत हा मुद्दा निर्विवाद करते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील जांभा खडकाची, म्हणजे लोहयुक्त, सच्छिद्र आणि तांबूस दगडाची, सपाट पठारे ‘सडा’ या नावाने ओळखली जातात. महसुली नोंदीत त्यांना बहुधा पडीक जमिनीचेच मोल असते. याच सड्यांवर प्राचीन माणसाने माणसे, मासे, हत्ती, वाघ आणि आज कोकणात न आढळणारा गेंडा यांच्या आकृती कोरून ठेवल्या आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे आणि त्याच्या देहात इतर अनेक प्राणी सामावले आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सडे पायी पालथे घालून या शिल्पांची नोंद केली आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. या शोधाचा मोठा आधार गावकरी आणि गुराखी होते; त्यांनी आकृती आधीच पाहिलेल्या होत्या, काहींना पांडवांच्या कथाही जोडलेल्या होत्या, फक्त त्यांना कोणी विचारले नव्हते. पावसाळ्यात सड्यावर पाणी साचते, मग गवत माजते. ते वाळून कातळ मोकळा झाला की रेषा दिसू लागतात. अनेक शिल्पे खाजगी मालकीच्या कातळावर आहेत, तेथे फलक नाही, वाटही नाही. दरवर्षी मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी आंब्या-फणसासाठी गावी येतो, तेव्हा तो अशा एखाद्या सड्यापासून तासाभराच्या पायवाटेवर असतो. त्याच्या मुलांना तो सडा कोणी दाखवत नसेल, तर दोष ऋतूचा नाही.

नातलगांचे ज्ञान अचूकच असते, असा या लेखाचा दावा नाही. ठाणे जिल्ह्यातील गणेशपुरी-अकलोलीपासून रायगडमधील सव आणि रत्नागिरीतील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडीपर्यंत गरम पाण्याच्या झऱ्यांची एक रांग कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण पसरली आहे. उन्हवऱ्याच्या पाण्याचे तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअस असते. हे पाणी गंधकामुळे तापते, असे गावोगाव सांगितले जाते, कोठे जमिनीखाली ज्वालामुखी धुमसत असल्याचेही ऐकायला मिळते, आणि ही दोन्ही विधाने चुकीची आहेत. पावसाचे पाणी खडकातील खोल भेगांतून खाली जाते, जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढत असल्याने ते तेथे तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. गंधकाचा वास हा त्या प्रवासात मिसळलेल्या द्रव्यांचा परिणाम आहे, उष्णतेचे कारण नव्हे. अशा वेळी शाळेत भूगोल शिकलेल्या भाचीने आजोळी हे समजावून सांगावे आणि कुंडाचे पाणी कोणत्या महिन्यात कमी होते, शेजारच्या कोणत्या विहिरीचे पाणी कोमट लागते, हे तिने मामाकडून ऐकावे. ही देवाणघेवाण मार्गदर्शकाच्या ठरीव भाषणातून होत नाही, कारण त्याला उलट प्रश्न विचारायला आणि त्याची चूक दाखवायला प्रवाशाजवळ अधिकारही नसतो आणि वेळही.

काजव्यांच्या बाबतीत नातलगांच्या भेटींपासून वेगळी केलेली पर्यटनाची पद्धत उघडपणे हानिकारक ठरली आहे. अकोले तालुक्यात भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीच्या परिसरात मे अखेरीपासून पाऊस स्थिरावेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर लक्षावधी काजवे लुकलुकतात. नर मादीला बोलावण्यासाठी हा प्रकाश पाडतो, म्हणून परका उजेड त्यांच्या प्रजननाच्याच आड येतो. ठरावीक शनिवार-रविवारी शेकडो गाड्या दिवे लावून त्या झाडांखाली जातात, तेव्हा जे पाहायला आलो तेच विझवले जाते. वळीव पडून गेल्यावर, गावातल्या ओळखीच्या माणसाबरोबर, दिवा न लावता, घरापासून चालत जाऊन पाहणारे एक कुटुंब या कीटकांना उपद्रव देत नाही. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे हेच तत्त्व विचारपूर्वक राबवले गेले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहायला येणाऱ्यांची सोय गावातल्या घरांतच केली. जेथे नाते नव्हते तेथेही पाहुणचाराचा मार्ग स्वीकारावा लागला, कारण संरक्षण गावाच्याच हाती होते.

या रीतीविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप मात्र यजमान घरातील स्त्रियांच्या श्रमांचा आहे आणि तो घेणाऱ्यांचे पुष्कळसे म्हणणे खरे आहे. वैशाख हा कुरडया, पापड, सांडगे, लोणची, आंबापोळी यांचा, म्हणजे वर्षभराची बेगमी करण्याचा महिना असतो, शेतीची पावसाळ्यापूर्वीची कामे त्यातच येतात, आणि अशा वेळी सहा माणसांची गाडी दारात उभी राहिली की त्या घरातल्या सुनेच्या वाट्याला सुटी नव्हे, दुप्पट स्वयंपाक येतो. पाहुण्यांनी जेवून उठावे, दुपारी झोपावे आणि संध्याकाळी निघताना मुलाच्या हातावर नोट ठेवावी, ही पद्धत अन्यायाची होती आणि तिचे समर्थन कोणी करू नये. पण या आक्षेपातून हॉटेल हा निष्कर्ष काढणारे, ज्या स्त्रीचा कळवळा ते दाखवतात तिचीच एक वाट बंद करतात. सासरी अकरा महिने राबणाऱ्या स्त्रीला मे महिन्यात माहेरी जाण्याचा हक्क या रीतीनेच दिला होता. काश्मीरच्या आठवडाभराच्या सहलीत तिचे माहेर कोठेच लागत नाही. माहेरी तिची वहिनी राबते, हेही खरे, आणि म्हणूनच कामाची वाटणी बदलावी लागते: पाहुण्या पुरुषांनी स्वयंपाकघरात आणि भांड्यांपाशी उभे राहावे, मुक्काम दोन रात्रींहून लांबवू नये, किराणा बरोबर न्यावा, आणि दिवाळीत किंवा नाताळच्या सुटीत त्याच वहिनीला मुलांसह शहरातल्या घरी बोलावून तिला स्वयंपाकघराबाहेर ठेवावे. शहरातील घरांनी पाहुणचार घेतला आणि परत करणे थांबवले, हा या रीतीचा खरा ऱ्हास आहे, आणि तो घडवणाऱ्यांनीच तिला कालबाह्य ठरवावे, हे न्यायाचे नाही.

पाण्याचा आक्षेप याहून अवघड आहे. माण-खटाव, मराठवाडा, पठारी अहिल्यानगर जिल्हा येथील अनेक गावांत मे महिन्यात टँकर चालू असतात आणि तेथे एका जादा माणसाची आंघोळही ओझे होते. अशा घरी जाण्याआधी विचारणे आणि नाही म्हटले तर वाईट न वाटून घेणे, हा नात्याचाच भाग आहे. तरीही ही टंचाई आणि आधी वर्णिलेली भूशास्त्रीय नवले या दोन असंबद्ध गोष्टी आहेत, असे समजणे चूक ठरेल. अखंड बेसाल्ट पाणी धरत नाही. पाणी मुरते ते वरच्या कुजलेल्या मुरुमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि दोन थरांमधल्या सांध्यांत, आणि खाली काळा पाषाण लागला की विहीर खोदणाऱ्याचे हात थांबतात. घाटात हौसेने पाहिलेले तेच आडवे थर आजोळच्या विहिरीच्या कडेत पुन्हा दिसतात, आणि कोणत्या थराशी पाझर आहे हे ती विहीर खोदताना पाहिलेला वडीलधारा माणूस बोट ठेवून दाखवतो. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामावर खडी फोडलेली, पाझर तलावाची माती वाहिलेली पिढी आता थोडीच उरली आहे. त्या तलावाची जागा कशी निवडली गेली आणि तो पुढे का गाळाने भरला, हे तिच्याकडून समजून घेण्यासाठी त्या तलावाच्या कोरड्या तळावर उभे राहावे लागते, आणि तो कोरडा असतो उन्हाळ्यातच.

लहान मुले अशा प्रवासात कंटाळतात, हा आक्षेप फार गंभीर मानण्याचे कारण नाही. करवंदांची जाळी, पोहण्याची विहीर आणि समवयस्क मामेभावंडे असताना कंटाळलेले मूल दुर्मीळ, आणि विमानतळावरच्या रांगेत न कंटाळणारे मूलही तितकेच दुर्मीळ. वेगाचा मोह मात्र खरा आहे. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि त्यामुळे राज्य ओलांडणे एका दिवसाचे, किंबहुना अर्ध्या दिवसाचे काम झाले. त्याच मार्गावर मेहकरला उतरले की लोणार जवळ येते, त्यामुळे हा महामार्ग या रीतीचा शत्रू नाही; मुंबईहून निघालेल्या कुटुंबाला पूर्वी वाटेतच जाणारा दिवस त्याने मोकळा करून दिला आहे. तो दिवस हमरस्त्यावरच आणखी तीनशे किलोमीटर पुढे जाण्यात घालवायचा की मेहकर, सिंदखेडराजा किंवा लोणारच्या एखाद्या घरी, हा निर्णय रस्ता बांधणाऱ्यांच्या हाती नाही.